न्यू जर्सीला कायमचं जाताना औषधांची सोय: एका औषधविक्रेत्याचं उत्तर

तुम्ही विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ६८, बँकेतून निवृत्त, राहणं बडोद्यात. पत्नी ६४. ग्रीन कार्डाचं काम झालंय आणि जानेवारीच्या शेवटी दोघंही मुलीकडे न्यू जर्सीला कायमचे जाणार. तुम्हाला ब्लडप्रेशर आणि डायबेटिस, शिवाय अधूनमधून चक्कर. पत्नीला डायबेटिससाठी इन्सुलिन, थायरॉइड, पायांच्या आगीची कॅप्सूल आणि आठ वर्षांपासून रात्रीची झोपेची गोळी. वर्षभराची औषधं इथूनच नेता येतील का, आणि संपल्यावर भाचा दर तीन महिन्यांनी कुरियरने पाठवत राहिला तर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

वर्षाची औषधं नेता येत नाहीत. कुरियरच्या भरवशावरही राहू नका. हातात चार-पाच महिने आहेत ही मात्र चांगली गोष्ट आहे, कारण जी कामं करायची आहेत त्यातली बहुतेक इथे, बडोद्यातच करायची आहेत.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.फार्म. केलं आणि गेली ३४ वर्षं दांडिया बाजारात मेडिकल चालवतो. आमच्या भागातल्या मराठी घरांत ज्याचं कोणी परदेशात नाही असं घर शोधावं लागेल. त्यामुळे दरवर्षी दोन-चार जोडपी निघण्याआधी आठवडाभर माझ्याकडे येतात, हातात मोठी पिशवी आणि एकच वाक्य, 'सहा महिन्यांची सगळी द्या.' आठवडाभर आधी मला फारसं काही करता येत नाही, याचं दरवेळी वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय. गोळी बदलायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मी फक्त त्यांच्यापुढे कोणते प्रश्न ठेवायचे ते सांगतोय.

इथे तुमचं औषध वर्षानुवर्षं विनाखंड चालतं ते कशाच्या जोरावर, याचा आधी विचार करा. कायद्याने इथेही चिठ्ठी लागतेच. पण दुकानदार तुम्हाला ओळखतो, डॉक्टरांना फोन लावता येतो, आणि 'बाबांची नेहमीची' एवढं म्हटलं की काम होतं. कोणती गोळी कशासाठी आहे हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी अडत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असतं. न्यू जर्सीत पहिल्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नसेल. तिथला फार्मसीवाला इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊ शकत नाही, त्याला तिथे परवाना असलेल्या डॉक्टरचीच चिठ्ठी लागते. आणि इथल्या डॉक्टरांना व्हिडिओवर विचारून घेऊ म्हणाल, तर आपल्याकडची २०२० सालची टेलिमेडिसिनची नियमावली भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाही, आणि तशी चिठ्ठी तिथे काउंटरवर चालणारही नाही. डॉक्टरांशी बोला जरूर, धीर येतो, पण त्यातून औषध मिळणार नाही.

म्हणजे खरी अडचण आहे ती चौथ्या महिन्याची. नेलेल्या गोळ्या संपल्यात, तिथला डॉक्टर अजून भेटलेला नाही, विमा लागू झालेला नाही, आणि तुम्ही घेता त्यातल्या निम्म्या गोळ्या त्या देशात विकल्याच जात नाहीत. बाकीचं सगळं या चौथ्या महिन्याच्या तयारीबद्दल.

आधी नेण्याचं सांगतो. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन प्रवाशाला साधारण तीन महिने पुरतील एवढी औषधं स्वतःच्या वापरासाठी बरोबर आणू देतं. तिथे मान्यता नसलेलं औषध आणणं मुळात कायद्यात बसत नाही, पण स्वतःपुरतं, तीन महिन्यांचं आणि चिठ्ठीसकट असेल तर सहसा सोडतात. 'सहसा' म्हणजे हक्क नव्हे. म्हणून कागद चोख ठेवा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घ्या. त्यात पासपोर्टावर आहे तसंच नाव, आजार, प्रत्येक औषधाचं मूळ म्हणजे जेनेरिक नाव, ताकद आणि दिवसाला किती हे सगळं हवं. दोघांची पत्रं वेगळी. दुकानाचं पक्कं बिलही दोघांच्या नावाने वेगळं घ्या.

गोळ्या मूळ पट्टीत किंवा सीलबंद बाटलीतच न्या. आमच्याकडे पट्टी कापून द्यायची पद्धत आहे. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव राहतं तर मुदतीची तारीख जाते, कधी उलटं होतं. न्यायच्या औषधांत एकही कापलेली पट्टी नको. सोमवार ते रविवारचे कप्पे असलेली डबी प्रवासाच्या दोन दिवसांपुरती ठीक, नव्वद दिवसांच्या गोळ्या सोलून तीत भरू नका. दुकानदाराला निघण्याच्या महिनाभर आधी सांगून ठेवा, म्हणजे तो लांब मुदतीचा माल मागवून ठेवतो. आणि सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेली बॅग चार दिवस उशिरा आली तर त्या चार दिवसांचं इन्सुलिन कुठून आणणार?

कुरियरबद्दल. विमानातून स्वतः बरोबर नेणं आणि टपालाने मागवणं यांच्याकडे तिथे वेगळ्या नजरेने पाहतात. तिथे कायम राहणाऱ्या माणसाने परदेशातून टपालाने औषधं मागवणं बहुतेक वेळा बेकायदेशीर ठरतं, आणि पार्सल अडवलं तर सोडवून घ्यायला तुमच्याकडे काही आधार नसतो. काहींची पार्सलं पोचतात, हे मलाही माहीत आहे. पण आमच्या एका जुन्या ग्राहक मावशींचं पार्सल कस्टममध्ये अडकलं तेव्हा 'येईल आज-उद्या' म्हणत त्यांनी अकरा दिवस प्रेशरची गोळी घेतलीच नाही. मुलाला सांगितलं नाही, त्याला उगाच त्रास नको म्हणून. बाराव्या दिवशी इमर्जन्सीत न्यावं लागलं. त्या आज बऱ्या आहेत. पण नव्वद टक्के वेळा पोचणारं औषध हे रोजच्या औषधाच्या कामाचं नाही, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगतो. इन्सुलिन तर कुरियरने पाठवायचा विचारही नको.

आता मुख्य भाग, तुमच्या पट्ट्या. तुम्ही नावं दिलीत म्हणून एकेक घेतो.

तुमची प्रेशरची गोळी टेल्मिसार्टन आणि सिल्निडिपिन यांची जोडगोळी आहे. टेल्मिसार्टन अमेरिकेत मिळतं. सिल्निडिपिन तिथे मिळत नाही, ते जपानमधून आलेलं आणि आपल्याकडे खूप चालणारं औषध आहे. तिथला डॉक्टर बहुधा अम्लोडिपिन लिहील, आणि ते चांगलं, जुनं, स्वस्त औषध आहे. पण तुम्हाला सिल्निडिपिन का दिलं होतं? अम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते आणि ती आली म्हणून डॉक्टर सिल्निडिपिनवर नेतात. तुमच्या बाबतीत तसं झालं होतं का, हे चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नसणार. तिथल्या डॉक्टरला ते कळलं नाही तर तो तुम्हाला पुन्हा त्याच सुजेपाशी आणून सोडेल. मग सूज दिसली म्हणून हृदयाच्या आणि किडनीच्या तपासण्या, त्यांचं बिल, आणि मुलीची काळजी. म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा, आणि बदल करायचा असेल तर तो इथेच करून घ्या. दीड-दोन महिने नव्या गोळीवर राहून घरचं प्रेशर लिहून ठेवा, मग निघा.

साखरेची गोळी विल्डाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन जगभर मिळतं. विल्डाग्लिप्टिन युरोपात आहे, ऑस्ट्रेलियात आहे, अमेरिकेत नाही. आपल्याकडे २०१९च्या अखेरीस पेटंट संपल्यावर ते इतकं स्वस्त झालं की घराघरात पोचलं, त्यामुळे जगात सगळीकडे असेल असं वाटतं. टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड आणि व्होग्लिबोज घेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्या, ही तिन्ही अमेरिकेत नाहीत. विल्डाग्लिप्टिनच्या जवळचं तिथलं औषध म्हणजे सिटाग्लिप्टिन. ते आपल्याकडे २०२२पासून स्वस्त झालंय, म्हणजे इथे बदलून बघायला खर्च नाही. तिथे मात्र ते महाग पडू शकतं, आणि विमा कंपनी आधी दुसरं औषध वापरून बघा असंही म्हणू शकते. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, सिटाग्लिप्टिन परवडलं नाही तर याच्यासाठी दुसरी निवड कोणती? ते उत्तर पत्रात एका ओळीत लिहून घ्या. किडनीच्या तब्येतीवर ते ठरेल, म्हणून ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर हवा.

कोलेस्टेरॉलचं रोसुव्हास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन यांची एकत्र कॅप्सूल तिथे मिळणार नाही, पण दोन्ही सुटी सहज मिळतात. ॲस्पिरिन तर चिठ्ठीशिवाय. इथेही एक प्रश्न आहे. ॲस्पिरिन तुम्हाला कशासाठी चालू केलं होतं? स्टेंट किंवा हार्ट अटॅक नसताना नुसतं वय आणि शुगर म्हणून चालू असेल तर तिथला डॉक्टर या वयात ते बंद करायला सांगण्याची शक्यता बरीच आहे, रक्तस्रावाच्या भीतीने. तेव्हा गोंधळू नका. पण कारण काय होतं ते सांगता आलं पाहिजे. दोन-तीन औषधं एका कॅप्सूलमध्ये कोंबायची आपली पद्धत सोयीची वाटते, पण आपण नेमकं काय घेतोय हे माणूस त्यात विसरून जातो. माझं मत विचाराल तर निघण्याआधी सगळ्या जोडगोळ्या सोडवून सुट्या करून घ्याव्यात.

चक्करेची बीटाहिस्टिन अमेरिकेत मान्यताप्राप्त नाही. अधूनमधूनच लागते म्हणता, तर नव्वद दिवसांच्या हिशोबातल्या एक-दोन पट्ट्या न्या. तिच्या जागी तिथे मेक्लिझिन देतात, त्याने सुस्ती येते, सांभाळून.

आता तुमच्या पत्नीकडे वळतो, कारण मला खरी काळजी त्यांच्या औषधांची आहे.

थायरॉइड सोपं आहे. थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम. तिथे तेच लेव्होथायरॉक्सिन म्हणून मिळतं, ७५ची गोळी जांभळट असते. कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, एकदा करायची, एवढंच. सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय मोडू देऊ नका. तिथे गेल्यावर लेक कॅल्शियमच्या गोळ्या आणून देईल, त्या आणि ही यांत चार तासांचं अंतर ठेवा.

झोपेची गोळी, अल्प्राझोलम ०.२५, आठ वर्षं. हे वाचून मी थांबलो. आपल्याकडे ती फार सहज सुरू होते आणि कोणी बंद करत नाही. अमेरिकेत ती नियंत्रित, म्हणजे सवय लागू शकते म्हणून कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत आहे. पासष्ट आणि त्यापुढच्या माणसाला हे औषध टाळावं असं तिथल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे, कारण पडणं, हाड मोडणं, विसराळूपणा वाढतो. नवीन डॉक्टर पहिल्याच भेटीत ती लिहून देईल असं धरून चालू नका. आणि इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकाएकी बंद करणं धोक्याचं आहे. झोप उडते, हातपाय कापतात, घबराट होते, कधी फिटसुद्धा येते. नवा देश, थंडीतला फेब्रुवारी, घड्याळ उलटं झालेलं, आणि त्यात ही गोळी संपलेली. मी असं एका घरात झालेलं ऐकलंय. सगळ्यांना वाटलं, आईंना तिथे करमत नाही म्हणून झोप नाही. गोळीचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि 'आम्ही कायमचे जातोय, ही हळूहळू कमी करता येईल का' हे विचारा. कमी करण्याचा वेग तेच ठरवतील, काही जणांना तीन-चार महिने लागतात. स्वतः अर्धी, पाव असं करू नका. संपूर्ण सुटली नाही तरी मात्रा जितकी कमी होईल तितकी पुढची वाट सोपी. जी उरेल ती मूळ पट्टीत, पत्रात स्पष्ट नमूद करून न्या आणि विमानतळावर कस्टमला स्वतःहून सांगा, लपवू नका.

पायांच्या आगीची कॅप्सूल म्हणजे प्रिगॅबालिन आणि मिथाइलकोबालामिन. दुसरा भाग बी-१२ आहे, तो तिथे पूरक जीवनसत्त्व म्हणून मोकळा मिळतो. प्रिगॅबालिन मात्र तिथे नियंत्रित यादीत येतं, जरी सर्वांत सौम्य गटात. डॉक्टर लिहून देतात, पण आजाराचा कागद बघून. नसांची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्ट न्या. हेही अचानक सोडायचं नाही.

राहिलं इन्सुलिन. तुम्ही लिहिलंत की बाटलीतलं, ३०/७०, सकाळी २० आणि रात्री १२ युनिट. इथे एक गोष्ट नीट वाचा, दोनदा वाचा आणि मुलीलाही वाचायला द्या.

आपल्याकडे इन्सुलिनची बाटली सहसा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंजही ४०ची, लाल टोपणाची. अमेरिकेत बाटली १००ची, सिरिंज १००ची, टोपण नारिंगी. तिथली बाटली आणि इथली लाल टोपणाची सिरिंज एकत्र आली तर काय होतं बघा. वहिनी सवयीने २०च्या रेघेपर्यंत ओढतील. ४०च्या सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिलिलीटर. तिथल्या बाटलीतल्या अर्ध्या मिलिलीटरमध्ये ५० युनिट असतात. वीसच्या जागी पन्नास. अडीच पट. एवढ्याने माणूस बेशुद्ध पडतो, आणि झोपेत झालं तर घरच्यांना कळतही नाही. म्हणून इथल्या सिरिंजा इथल्या बाटल्यांबरोबर संपवायच्या, उरल्या तर सुया कठीण डब्यात बंद करून टाकून द्यायच्या, 'चांगल्या आहेत' म्हणून ठेवायच्या नाहीत. त्याहून बरं म्हणजे डॉक्टरांना विचारून इथेच इन्सुलिनच्या पेनवर, म्हणजे पेनाच्या आकाराच्या इंजेक्शनवर, या. पेनची काडतुसं आपल्याकडेही १००चीच असतात, आणि पेनवर युनिटचा आकडा थेट फिरवायचा असतो, त्यामुळे हा घोटाळा होतच नाही. दोन महिने इथे हात बसू द्या.

नावाचीही एक गंमत नव्हे, अडचण आहे. आपण ज्याला ३०/७० म्हणतो त्याच इन्सुलिनला तिथे ७०/३० म्हणतात. ३० टक्के लवकर काम करणारं, ७० टक्के सावकाश करणारं, इन्सुलिन तेच, सांगण्याचा क्रम उलटा. बाटलीवर उलटा आकडा पाहून घाबरू नका आणि काउंटरवर वाद घालू नका. हे साधं मानवी इन्सुलिन वॉलमार्टसारख्या दुकानात १० मिलिलीटरच्या बाटलीला सुमारे २५ डॉलरमध्ये मिळतं, विम्याशिवाय. अडीनडीला हे माहीत असलेलं बरं.

प्रवासात इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या, म्हणजे चेक-इनच्या, सामानात कधीच नाही. तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं, दिसायला ठीक दिसलं तरी. बर्फाच्या थेट संपर्कातही नको. थंड पाउचमध्ये, हातातल्या बॅगेत. सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांची मर्यादा औषधाला लागत नाही, फक्त आधी सांगायचं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेरच्या बेताच्या तापमानात टिकते.

आयुर्वेदिक काढे, चूर्णं, भस्मं यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेकांच्या बॅगेत ती असतात. भस्मं आणि रसकल्प नेऊ नका. शिसं-पाऱ्याच्या शंकेने ती अडवली जाऊ शकतात आणि किडनीच्या दृष्टीनेही मला ती डायबेटिसच्या माणसात नको वाटतात. जे काही घेता, अश्वगंधासुद्धा, ते तिथल्या डॉक्टरला सांगा. अश्वगंधाने थायरॉइडचे आकडे हलू शकतात.

आता तिथे पोचल्यावरचं. यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे विम्याच्या बाबतीत मी फक्त चौकट सांगतो. पासष्टीनंतरचं सरकारी मेडिकेअर तुम्हाला लगेच मिळणार नाही. तिथे नोकरीची वर्षं भरलेली नसतील तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ता भरून घेता येतं. तोवरचा रस्ता म्हणजे राज्याची विमा बाजारपेठ. न्यू जर्सीत तिचं नाव 'गेट कव्हर्ड एनजे'. कायमचे राहायला आलात की साठ दिवसांची खास मुदत मिळते. ही साठ दिवसांची खिडकी चुकवू नका, कारण मग पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. या विम्यात आधीपासूनचा आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. हप्ता या वयात चांगलाच मोठा असू शकतो, आणि सवलतीचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून मुलीने तुम्ही निघण्याआधीच तिथल्या अधिकृत मदतनीसाशी बोलून आकडा काढावा. प्लॅन निवडताना हप्त्याइतकंच त्याच्या औषधांच्या यादीकडे बघा. तुमची औषधं त्या यादीत कोणत्या पायरीवर आहेत त्यावर दर महिन्याचा खर्च ठरतो. प्रवासी विमा घेऊन भागेल असं कोणी सांगेल. तो अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो, रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

डॉक्टरची वेळ मुलीने आत्ताच घेऊन ठेवावी. नव्या रुग्णाला तिथे कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिने थांबावं लागतं. जानेवारीअखेर पोचणार तर भेट फेब्रुवारीच्या मध्यात किंवा मार्चच्या सुरुवातीला पडेल अशी. नव्वद दिवसांतले निदान तीस दिवस हातात शिल्लक असताना पहिली चिठ्ठी मिळायला हवी. विमा अडकला तर कम्युनिटी हेल्थ सेंटर नावाची केंद्रं असतात, तिथे उत्पन्न पाहून फी लावतात. आणि गोळ्या संपायला आठवडा उरला तर अर्जंट केअर नावाच्या, आधी वेळ न घेता जाता येणाऱ्या दवाखान्यात जाऊन महिन्याची चिठ्ठी घेता येते, नियंत्रित औषधं सोडून.

खर्चाची भीती तुम्ही व्यक्त केलीत. ती निम्मी खरी आहे. नवी, पेटंटातली औषधं तिथे फार महाग. पण मेटफॉर्मिन, प्रेशरच्या जुन्या गोळ्या अशा जेनेरिकची, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधांची, वॉलमार्टची यादी आहे, ३० दिवसांना ४ डॉलरपासून, ९० दिवसांना १० पासून, विमा असो-नसो. कॉस्टकोची फार्मसी सभासद नसतानाही वापरता येते. गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या ॲपचं मोफत कूपन दाखवून पुष्कळदा विम्यापेक्षा कमी पडतं. एकाच गोळीचा दर समोरासमोरच्या दोन दुकानांत कितीतरी वेगळा असतो, हे इथल्या छापील एमआरपीची सवय असलेल्या आपल्याला विचित्र वाटतं. विचारायला लाजू नका, तिथे सगळेच विचारतात. जेनेरिकच्या दर्जाबद्दल मनात शंका असेल तर बाटलीवर कंपनीचं नाव वाचा. आपल्या हालोलजवळच्या पानेलावला अलेंबिकचा जो कारखाना आहे, तिथल्या गोळ्या अमेरिकेत जातात. झायडस, टोरेंट, सन ही नावंही दिसतील. घरापासून पाऊण तासावर बनलेली गोळी तुम्हाला तिथे नारिंगी बाटलीत मिळू शकते.

नावांचं एक सांभाळा. तिथे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, आणि ते सर्दीच्या कित्येक औषधांत मिसळलेलं असतं. नाव वेगळं म्हणून दोन्ही घेतलं की दुप्पट जातं. श्वासाच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं. ब्रँडच्या नावावर तर कधीच जाऊ नका. अमेरिकेत फ्लोमॅक्स ही प्रोस्टेटची गोळी, इटलीत त्याच नावाने सूज-दुखीचं औषध मिळतं. डॉक्टरांसमोर फक्त जेनेरिक नाव.

इतर देशांत जाणाऱ्यांनी माझ्या वरच्या औषधांच्या यादीवर विसंबू नये, ती अमेरिकेपुरती आहे. कॅनडात एक कोर्स किंवा नव्वद दिवस यातलं जे कमी तेवढंच नेता येतं, आणि सुपर व्हिसासाठीचा, म्हणजे मुलांकडे लांब मुदतीने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांच्या व्हिसासाठीचा, सक्तीचा विमा रोजच्या गोळ्यांसाठी नसतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत आलात की साठीनंतर चिठ्ठीवरची औषधं मोफत. या दोन्ही देशांत साखरेचा आकडा वेगळ्या मापात येतो, आपल्या आकड्याला १८ने भागायचं, म्हणजे १२६चे ७ होतात. आखाती देशांत ट्रामाडॉल, कोडीन, झोपेच्या गोळ्या यांना आधी परवानगी घ्या. तिथे नियमभंगाला तुरुंग आहे, 'माहीत नव्हतं' चालत नाही.

तर तुमच्यापुरता क्रम असा धरा. या आठवड्यात झोपेच्या गोळीसाठी आणि इन्सुलिनच्या पेनसाठी डॉक्टर. दिवाळीच्या आत सिल्निडिपिन, विल्डाग्लिप्टिन आणि जोडगोळ्यांचा निर्णय, म्हणजे नव्या औषधांवर दोन-अडीच महिने मिळतील. डिसेंबरात ताजे रिपोर्ट: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, टीएसएच, ईसीजी. त्याच सुमारास मुलीने आधी घेतलेली डॉक्टरची वेळ कायम आहे ना ते पाहणं. जानेवारीत पत्र, बिल आणि नव्वद दिवसांचा माल.

आणि एक वही करा. प्रत्येक औषधाच्या ओळीत जेनेरिक नाव, ताकद, वेळ, कधीपासून, आणि कशासाठी. 'कशासाठी'चा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्यापुढे आधी कोणती गोळी सोसली नाही तेही लिहा. ही वही वहिनींच्या औषधांची त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेली असू दे. तिथे डॉक्टर रुग्णालाच विचारतात, आणि आपल्याकडच्या कित्येक बायकांना आपली औषधं नवऱ्याला किंवा सुनेला माहीत असतात, स्वतःला नाही. मुलगी नोकरीवर गेलेली असताना फोनवर त्यांनाच सांगावं लागेल.

तुम्ही बडोद्यातच आहात, तर दोघांच्या घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, अर्धवट संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून या. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, वहीची पहिली पानं बसून करू. वहिनींना बरोबर आणा, आणि त्यांची सिरिंज विसरू नका.